घरगुती धंद्याची नवी वही

जुन्या पेढीवर दोन वह्या अवश्य असत: रोजकीर्द आणि खतावणी. दिवसभरांत जें घडलें तें घडलेल्या क्रमानें रोजकीर्दींत उतरावयाचें, आणि मग ज्याचें त्याच्या खात्यावर खतावणींत न्यावयाचें, असा शिरस्ता होता. आज काय झालें हें रोजकीर्द सांगे. कोणाकडे काय राहिलें हें खतावणी सांगे. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची याच वळणाची रीत लुका पाचोली नांवाच्या फ्रान्सिस्कन संन्याशानें १४९४ सालीं छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथांत वर्णन करून ठेविली आहे.

आतां हल्लींचा एखादा घरगुती धंदा घ्यावा. समजा, डोंबिवलीस एक बाई दिवाळीचा फराळ करून विकतात. हाताखालीं दोघी जणी आहेत. मुलगा कॉलेजांतून आल्यावर डबे पोंचवितो. मागण्या व्हॉट्सॲपवर येतात, पैसे यूपीआयनें येतात. प्रत्येक निरोप तारीखवेळेसह मोबाइलमध्यें टिपलेला असतो, आणि बँकेच्या उताऱ्यांत प्रत्येक रुपया दिसतो. म्हणजे रोजकीर्द आपोआप लिहिली जात आहे, आणि तीही कोणत्याही मुनिमापेक्षां अधिक चोख. खतावणी मात्र कोणीच लिहीत नाहीं. परिणाम काय होतो? सोमवारीं एका गिऱ्हाइकानें एक किलो चकली सांगितली. बुधवारीं बोलका निरोप धाडून ती दीड किलो केली. शुक्रवारीं त्याच्या सुनेनें स्वतःच्या खात्यांतून ५०० रुपये आगाऊ पाठविले. तिन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या, पण तीन ठिकाणीं. वसुबारसेच्या गडबडींत डबा भरतांना बाईंना आठवते ती पहिलीच. असें गिऱ्हाईक पुढल्या वर्षीं फिरकत नाहीं, आणि दोष चकलीचा नसतो.

ही खतावणी लिहिण्यास आज कागदाची वही लागतेच असें नाहीं. २००६ सालीं निघालेलें गूगल शीट्स हें इंटरनेटवरील तक्त्याचें साधन साध्या खात्यावर फुकट वापरतां येतें. त्यांत एका मागणीस एकच ओळ द्यावी: नांव, पत्ता, माल, वजन, द्यावयाची तारीख, एकूण रक्कम, आगाऊ आलेली, बाकी. गिऱ्हाइकानें बेत बदलला तर नवी ओळ न घालतां त्याच ओळींत दुरुस्ती करावी. तक्त्याच्या पूर्वीच्या आवृत्त्या मागें जाऊन पाहतां येतात, त्यामुळें खाडाखोडीचें भय नाहीं. निरोप वाचला कीं ओळ भरली, ही संवय मात्र माणसानेंच लावून घ्यावयाची. गिऱ्हाइकाकडून फॉर्म भरून घेतल्यास ओळ आपोआप तयार होते हें खरें. परंतु पंचाहत्तरीच्या आजीबाई फॉर्म भरावयाच्या नाहींत, त्या फोनच करणार, आणि फराळाचें उत्तम गिऱ्हाईक बहुधा त्याच असतात.

तक्ता नीट भरला असेल तर त्याचा खरा उपयोग स्वयंपाकघरांत दिसतो. चाळीस मागण्यांतील चकली एकूण किती किलो, हें सूत्र एकदां घालून ठेवलें कीं प्रत्येक नव्या ओळीबरोबर आंकडा बदलतो. भाजणी किती दळून आणावी, तेल किती भरावें, हें त्यावरून ठरतें. पुढें दिवसांचा हिशेब येतो. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावे लागतात, रोज पाणी बदलावें लागतें. मग वाळवणें, कुटणें, गूळ घालून पीठ मुरविणें. ओल्या नारळाच्या करंजीचें उलट, ती आदल्या दिवसापेक्षां आधीं करण्यांत अर्थ नाहीं. चिवडा आणि शंकरपाळे यांच्यामध्यें केव्हांही बसतात. म्हणून द्यावयाच्या तारखेपासून मागें मोजीत यावें आणि 'तांदूळ भिजविणें' हें काम मोबाइलमधील कॅलेंडरांत त्या त्या दिवशीं लिहून ठेवावें. सकाळीं तो स्वतःच आठवण देतो.

पैशांच्या बाबतींत एक सावधगिरी पाहिजे. यूपीआय २०१६ सालीं सुरू झाल्यापासून सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, पण 'पैसे पाठविले' असें दाखविणारें चित्र बनावट असूं शकतें. रक्कम आपल्या खात्यांत दिसल्याखेरीज आगाऊच्या रकान्यांत आंकडा घालूं नये, आणि शेजारीं त्या व्यवहाराचा बारा आंकडी क्रमांक उतरून घ्यावा. सुनेचे ५०० रुपये सासऱ्यांच्या ओळींत त्यामुळेंच बसतात. रोख आणि बँकेंतून आलेली रक्कम यांचे रकानेही निराळे असावेत. अंदाजी नफ्यावर प्राप्तिकर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा नफा रोख विक्रीवर निदान शेंकडा ८ धरतात, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर शेंकडा ६. हा फरक वर्षअखेर आठवून काढतां येत नाहीं.

तक्ता कोणी पाहावा, हाही विचार आधींच करावा. बाई तापानें पडल्या आणि वही त्यांच्याच मोबाइलमध्यें अडकली, तर ऐन धनत्रयोदशीला धंदा बंद. म्हणून घरांतील आणखी एका माणसास लिहिण्याचा अधिकार असावा. हाताखालच्या बायकांस नुसतें पाहण्याचा पुरे. मात्र 'ज्याच्याजवळ दुवा असेल त्यानें पाहावें' अशी मोकळीक देऊं नये; त्यांत चाळीस घरांचे पत्ते आणि फोन असतात, आणि ते लोकांनीं विश्वासानें दिलेले आहेत.

या दोन-तीन साधनांपलीकडे जाण्याचा मोह पुष्कळांस होतो. कामांच्या पाट्या सरकविण्याचें एक, उधारीचें दुसरें, बिलांचें तिसरें, अशीं ॲपें मोबाइलमध्यें जमतात आणि तीच नोंद चार ठिकाणीं करावी लागते. वीस माणसांच्या कारखान्यास तीं शोभतील. चौघांच्या स्वयंपाकघरास तीं ओझेंच. नवें साधन घेण्यापूर्वीं त्यांतील नोंदी साध्या तक्त्याच्या रूपांत बाहेर काढून घेतां येतात कीं नाहीं, एवढें तरी पाहावें. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षें न उघडलेलें खातें पुसलें जाऊं शकतें. तेव्हां दरवर्षीं ३१ मार्चला तक्त्याची एक प्रत उतरवून निराळी ठेवावी.

राहतां राहिला कागद. भाजणीनें माखलेल्या हातांनीं मोबाइल चाळतां येत नाहीं. सकाळीं त्या दिवशीं द्यावयाच्या मागण्यांचें एक पान छापून ओट्यासमोरच्या फरशीवर चिकटवावें आणि डबा भरला कीं पेन्सिलीनें खूण करावी. संध्याकाळीं त्या खुणा तक्त्यांत चढविण्याचें काम कॉलेजांतल्या मुलाकडे द्यावें; त्याला तें दहा मिनिटांचें आहे.