एका कणासाठी 170 संगणक केंद्रे

जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत 27 किलोमीटर परिघाच्या भुयारात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. सेकंदाला सुमारे 1 अब्ज टकरी. बहुतेक टकरींत नवे काहीच नसते. म्हणून 'ट्रिगर' यंत्रणा जागीच निवड करते आणि सेकंदाला हजारभर नोंदीच पुढे जातात.

तरीही हा ढीग एका इमारतीला झेपत नाही. त्यामुळे 40हून अधिक देशांतली सुमारे 170 संगणक केंद्रे 'ग्रिड' नावाच्या जाळ्याने जोडली आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) त्यांतलीच एक. संशोधक काम सोपवतो, ते कुठे चालवायचे हे ग्रिड ठरवते. शक्यतो डेटा असेल तिथेच, कारण पेटाबाइटभर डेटा हलवण्यापेक्षा प्रोग्राम पाठवणे स्वस्त.

अडचणीही आहेत. यंत्रे वेगळी, मालक वेगळे, मध्येच एखादे केंद्र बंद.

या साठ्यातून अर्थ शोधण्याचा, म्हणजे डेटा मायनिंगचा, धोका मात्र निराळा. भरपूर डेटा उपसला की योगायोगही नियमासारखा दिसू लागतो. म्हणून कणभौतिकीत 'पाच सिग्मा'ची अट असते: निव्वळ योगायोगाने तसा संकेत मिळण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक. सर्नमधले अ‍ॅटलास आणि सीएमएस हे दोन्ही प्रयोग स्वतंत्रपणे या पातळीपाशी पोचले, तेव्हा 4 जुलै 2012 रोजी ज्याचा शोध चालू होता त्या हिग्ज कणासारख्या नव्या कणाची घोषणा झाली.