बोटांवरून ओळखलेलं गाणं

आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबले की मुकुटबनच्या आमच्या बँडमास्तरांचं ट्रंपेट सुटं होऊन जमिनीवर येतं. जुन्या धोतराच्या फडक्यावर तीन पिस्टन ओळीनं मांडलेले, शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. पिस्टन पुसायचा, दोन थेंब सोडायचे, नळीत घालून हळूच फिरवायचा. ‘टक्’ करून बसला की पुढचा. पिस्टनांवर आकडे कोरलेले असतात. पहिला चुकून दुसऱ्याच्या घरात गेला, तर छाती फुटेस्तोवर फुंका, सूर निघत नाही.

त्या दिवशी बाहेर पाऊस होता. मी मोबाइलवर १९५१ सालचा ‘अलबेला’ सिनेमा लावला, त्यातलं ‘दीवाना ये परवाना’ हे गाणं. त्यातले नायक भगवानदादा आपल्या अमरावतीत जन्मलेले, म्हणून मास्तरांना ते घरचेच. पण त्यांची नजर नाचावर नव्हतीच.

“थांब भाऊ, मांगं घे.”

मागे घेतलं. झालरीच्या बाह्या घातलेल्या बँडमध्ये चिक चॉकलेट होता. मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं आल्दोना. अमेरिकेतल्या प्रसिद्ध ट्रंपेटवादकावरून मुंबईत लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. तो ट्रंपेटवर जॅझ वाजवायचा आणि संगीतकार सी. रामचंद्रांचा सहायक म्हणूनही काम करायचा. त्या काळी गोव्याचे कितीतरी वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला बसत. बहुतेकांचा सूर देशभर गेला, चेहरा कुणी पाहिला नाही. चिकचा चेहरा निदान पडद्यावर आला.

तो १९६७ साली गेला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीवर तो आला तो मेल्यानंतर, ‘चित्रहार’सारख्या कार्यक्रमांत लागणाऱ्या जुन्या गाण्यांतून. मास्तरांनी त्याला पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिलं होतं, पण तेव्हा गाणं मागे घेता येत नव्हतं.

मास्तरांनी जोडलेलं ट्रंपेट उचललं. न फुंकता बोटं पिस्टनांवर ठेवली आणि मला समजावलं. सा मोकळा. रे ला पहिलं आणि तिसरं. ग ला पहिलं, दुसरं. म ला नुसतं पहिलं. प पुन्हा मोकळा, ध ला पहिलं-दुसरं, नी ला एकटं दुसरं. मोकळ्या नळीवरच सा, प आणि वरचा सा निघतात. फरक फक्त ओठ किती आवळले याचा. म्हणून बोटं पाहणारा फसू शकतो, ओठही पाहावे लागतात.

“सिनेमात गानं आधी भरते, मंग हे लोक त्यावर नाटक करते,” ते म्हणाले. “पन पाह्य. सूर आयकून बोट पडलं तं तो खोटा. बोट पयले अन् सूर मांगून, तं तो वाजवनारा.”

मग पडद्याजवळ डोकं नेऊन दोनदा, तीनदा पाहिलं. “हा वाजवनारा हाय.”

मी त्यांना दुसरं एक दाखवलं. अमेरिकेत जॅझवाल्यांना टीव्हीवर बोलावत. एड सलिव्हनच्या कार्यक्रमात आर्मस्ट्राँग येऊन गेला. पण मला दाखवायचं होतं ते ‘द साउंड ऑफ जॅझ’. ८ डिसेंबर १९५७, सीबीएस वाहिनी, सगळं थेट प्रक्षेपण. चूक झाली तर ती देशभर गेली. स्टुडिओतले कॅमेरे दिसतात, वादकांच्या डोक्यावर टोप्या. बिली हॉलिडे उंच स्टुलावर बसून गाते. तब्येत ढासळलेला लेस्टर यंग उठतो आणि सॅक्सोफोनवर थोडेसेच सूर वाजवतो. कॅमेरा वादकावरून बिलीच्या चेहऱ्यावर येतो आणि तिथंच रेंगाळतो. ती हलकेच मान हलवत असते. दोघंही १९५९ साली गेले.

मास्तरांना इंग्रजी येत नाही, जॅझ हा शब्दही त्यांनी माझ्याकडूनच ऐकला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “गानं थांबलं, पन बाई गाऊनच राहिली.”

याहून नेमकं मी त्या चित्रफितीबद्दल कुठं वाचलेलं नाही.

मग त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. गेल्या उन्हाळ्यातल्या एका वरातीचा व्हिडिओ. समोर मास्तर, गालांवर घाम, मागे ढोल-ताशा, नाचणारी पोरं. आणि ऐकू येत होतं ते भलतंच गाणं. व्हिडिओवाल्यानं बँडचा आवाज काढून वरून सिनेमातलं गाणं चढवलं होतं. आमच्याकडच्या बहुतेक लग्नांच्या व्हिडिओंत असंच होतं. वीस वर्षं वाजवूनही मास्तरांकडे स्वतःच्या वाजवण्याचा एक तुकडा नाही. मला फार लागलं ते. असं करणाऱ्यांना वादकाचा आवाज एवढा परका का वाटतो, हे मला आजही समजत नाही.

मास्तर मात्र स्वतःची बोटं पाहत होते. “पयलं, तिसरं... मोकळा... पयलं-दुसरं...” ओठ पुटपुटत होते. मध्येच मला म्हणाले, “आवाज बंद कर.” मी बंद केला. ट्रंपेटच्या खालच्या वाकावरची बारकी चावी दाबून त्यांनी आतलं पाणी काढलं, माउथपीस ओठाला लावलं आणि पडद्यावरच्या बोटांबरोबर, शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही इतक्या हळू, त्या रात्री वरातीत वाजवलेलं गाणं वाजवायला लागले.