लिंबावरची अळी आणि जपानचा किडेवाला

तोक्योच्या कडेला माचिदा म्हणून शहर आहे. 1970 च्या सुमारास तिथं शेतं होती, तळी होती, आणि सातोशी ताजिरी नावाचं एक पोर त्यात किडे धरत हिंडायचं. बाकीची मुलं सालीला मध चोपडून भुंगेरे पकडायची. हा झाडाखाली नुसता दगड ठेवायचा. भुंगेरे दिवसा दगडाखाली झोपतात, हे त्यानं हेरलं होतं. सकाळी दगड उचलला की झालं! आपल्या आगरातही माडाखालचा चिरा उलटलात तर काहीतरी हलेलच. हात मात्र घालू नका, विंचवालाही तीच जागा आवडते.

पुढे तळी बुजली, किडे गेले. ताजिरीला व्हिडिओ गेमचं वेड लागलं. 1983 साली त्यानं 'गेम फ्रीक' नावाचं हातानं लिहिलेलं, पिना मारलेलं मासिक काढलं. ते पाहून केन सुगिमोरी हा चित्रकार येऊन मिळाला, आणि 1989 मध्ये त्याच नावाची चिमुकली कंपनी निघाली. दोन गेमबॉय वायरीनं जोडता येतात म्हटल्यावर ताजिरीला काय सुचावं? त्या वायरीवरून किडे इकडून तिकडे चालतायत! तो खेळ पुरा व्हायला सहा वर्षं लागली, पैसे संपत आले, माणसं सोडून गेली. फेब्रुवारी 1996 मध्ये एकदाचा तो आला. तोच तुमचा पोकेमॉन.

त्यातली हिरवी कॅटरपी आठवते ना, डोक्यावर लाल शिंग असलेली? मग ही बघा, आपल्या लिंबावरची नीलवंताची अळी. नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमॉन, 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू. अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून तिला कोणी तोंड लावत नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी. काडीनं डिवचा... आलं बघा डोक्यामागून लालसर दुबेळकं! वास आला? कॅटरपीही शत्रूला अशीच घाण वासानं पळवते.

तिचं फुलपाखरू झालं की खेळात त्याला उत्क्रांती म्हणतात, ते काही मला पटत नाही. उत्क्रांतीला पिढ्यान् पिढ्या लागतात रे. हे एका जन्मातलं रूपांतर, आणि त्याची गंमत आणखी मोठी. कोशात अळीचं बरंचसं अंग विरघळतं, आणि तिच्यात आधीपासून दडलेल्या पेशींच्या पुंजक्यांतून पंख घडतात. दोनेक आठवड्यांत काम फत्ते. कॅटरपीला त्यासाठी लढाया माराव्या लागतात, हिला नुसती लिंबाची पानं पुरतात. आजी फवारा घेऊन निघाली तर तेवढं तिला सांगा.