स्पर्शरोध : संज्ञा एक, कारणे दोन

अकोला व अमरावती जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत कापसाच्या तंतूंची धूळ सदैव उडत असते. अशा ठिकाणी विजेचा एखादा जोड तापला, तर धोका केवळ यंत्रापुरता उरत नाही. जोड तापण्याचे मूळ बहुधा त्यातील स्पर्शरोधात असते. 50 मायक्रोओहम रोधाच्या जोडातून 200 अँपिअर प्रवाह वाहिल्यास 2 वॅट उष्णता निर्माण होते. रोध 500 मायक्रोओहम झाल्यास ती 20 वॅट होते.

दोन धातुपृष्ठे एकमेकांस पूर्णपणे टेकलेली दिसली, तरी प्रत्यक्षात ती काही सूक्ष्म उंचवट्यांवरच भिडलेली असतात. त्या चिंचोळ्या वाटांमुळे प्रवाहास होणारा अडथळा तो संकोचरोध. पृष्ठावरील ऑक्साइडादी थरामुळे होणारा तो पटलरोध. राग्नार होल्म यांनी आपल्या ग्रंथात या दोहोंचे सविस्तर विवेचन केले आहे. व्यवहारात दोहोंस नाव एकच असल्यामुळे मापनाची रीतही एकच असावी, असा समज होतो. तो यथार्थ नव्हे.

मायक्रोओहमातील रोध साध्या मापकाने मोजता येत नाही. कारण मापकाच्या तारांचाच रोध त्याहून कितीतरी अधिक असतो. म्हणून चार तारा योजतात. दोन तारांनी ज्ञात प्रवाह सोडावयाचा व जोडाच्या अगदी लगत टेकविलेल्या दुसऱ्या दोन तारांनी विभवांतर मोजावयाचे. या दुसऱ्या जोडीतून प्रवाह जवळजवळ वाहत नसल्याने तिचा रोध गणनेत येत नाही. भिन्न धातूंच्या सांध्यांतील तापमानभेदाने उद्भवणारे विभवांतर वगळण्यासाठी प्रवाह उलट दिशेने सोडून पुन्हा मापन करतात व दोन्ही मूल्यांची सरासरी घेतात.

पारससारख्या वीजकेंद्रातील मोठ्या स्विचांसाठी 100 अँपिअरपर्यंतचा प्रवाह वापरणे योग्यच. कारण त्यांना प्रत्यक्षात तेवढा किंवा त्याहून मोठा प्रवाह वाहावयाचा असतो. परंतु संदेशवहनाच्या नाजूक जोडांवर हीच रीत अवलंबिली, तर परीक्षणाच्या विभवानेच पटल फुटते व सदोष जोड निर्दोष ठरतो. म्हणून तेथे खुल्या मंडलातील विभव 20 मिलिव्होल्टपेक्षा व प्रवाह 100 मिलिअँपिअरपेक्षा अधिक होऊ देत नाहीत.

वऱ्हाडात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. तांब्याचा रोध दर अंशास सुमारे 0.4 टक्के वाढतो. हिवाळ्यातील 15 अंशांचे मापन मे महिन्यातील 45 अंशांच्या मापनाशी ताडल्यास, जोड न बिघडताही सुमारे 12 टक्के वाढ दिसेल.

तात्पर्य, नुसता ‘स्पर्शरोध इतका’ असे लिहिणे अपुरे होय. सोबत प्रवाह, विभव व तापमान यांची नोंद असल्यावाचून त्या आकड्यास निश्चित अर्थ येत नाही.