न पाहिलेल्या सोबत्याची ओळख

तुळशीचे लग्न लागले की आमच्या सुरतेतील मराठी घरांत स्थळांचा विषय निघतो. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या भागांत आपली माणसे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. पण सोयरीक जुळवावयाची म्हटली की डोळे अद्यापि भुसावळच्या गाडीकडे, म्हणजे नंदुरबार, धुळे, जळगावकडे लागतात. मग मुलीचा फोटो, उंची, वर्ण, शिक्षण आणि पगार अशी कलमे असलेला कागद हातोहात फिरू लागतो. असे कागद आम्हीही पुष्कळ लिहून दिले आहेत. मुख्याध्यापकाच्या हातचे लिहिलेले वजनदार दिसते, असा लोकांचा समज असतो.

गेल्या वर्षी असाच एक कागद आम्ही आमच्या भाचीसाठी लिहावयास घेतला. वय ३२. कापडाच्या एका पेढीवर नऊ वर्षे हिशेब लिहून तिने ती नोकरी नुकतीच सोडली होती. नोकरीच्या रकान्यात काय लिहावे या विचारात आम्ही असतानाच ती शांतपणे म्हणाली, "मामा, राहू द्या तो कागद. माझ्या मनात एक जण आहे." कोण, कुठला, अशी विचारपूस केली तेव्हा कळले की, दोन वर्षांपासून रात्री ज्या मंडळींबरोबर ती मोबाइलवर खेळ खेळते, त्यांतलाच तो एक. नाव? खेळातले ठाऊक होते. खरे ठाऊक नव्हते! आमची बहीण डोळ्यांना पदर लावून बसली. आम्ही त्या वेळी जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. भाचीने उलट उत्तर दिले नाही. जाताना एवढेच म्हणाली, "मी एक मालिका लावून देते. तेवढी बघा, मग हवे तितके रागवा."

त्या जपानी चित्रमालिकेचे नाव 'नेतोजू नो सुसुमे'. रिन कोकुयो यांच्या चित्रकथेवरून ती तयार झाली आणि २०१७ साली जपानी दूरचित्रवाणीवर १० भागांत दाखविली गेली. या जातीच्या चित्रपटांना 'ॲनिमे' म्हणतात. चित्रे म्हणजे मुलांची करमणूक, अशी आमची समजूत होती. पण येथे नायिका मोरिको तिशीला आलेली, नोकरीला कंटाळून ती सोडलेली आणि घरात कोंडून घेतलेली. दिवसा ती दुकानापुरतीच बाहेर पडते. रात्री मात्र संगणकावरील एका खेळात शिरते. हजारो अनोळखी माणसे एकाच काल्पनिक नगरीत हिंडतात, टोळ्या करून राक्षसांशी लढतात आणि अधूनमधून विसावून गप्पा मारतात, असा तो खेळ. प्रत्येकाने आपल्या पसंतीचे एक सोंग घ्यावयाचे. मोरिको होते 'हायाशी' नावाचा देखणा तरुण. तो नवखा, पदोपदी मरणारा. त्याच्या मदतीला येते 'लिली', जखमींना बरे करणारी एक गोड मुलगी. आणि ही लिली म्हणजे खऱ्या जगात युता साकुराई नावाचा २८ वर्षांचा एक लाजाळू नोकरदार!

आपल्या रंगभूमीवर बालगंधर्वांची स्त्री-भूमिका डोक्यावर घेतलेल्या आपणा मराठी माणसांना तरी या अदलाबदलीचे नवल वाटू नये. पुढे हीच दोघे रस्त्यावर समोरासमोर येतात, चुकून धक्का लागतो, मोरिकोला रुग्णालयात न्यावे लागते. आणि ज्याच्याशी आपण रोज रात्री मन मोकळे करतो तो हाच, हे तिला उमगत नाही. साकुराईला आधी उमगते, पण सांगण्याचे धैर्य होत नाही.

वाचकहो, या मालिकेत ना खलनायक, ना पळून जाणे. तरीही आम्ही दहाही भाग पाहिले, कारण मनात एक प्रश्न घोळू लागला. आमच्या कागदावरील सगळी कलमे या दोघांनी एकमेकांपासून लपविली होती. मग उरले काय? उरले ते वर्तन. दुबळ्यासाठी कोण थांबतो, दिलेली वेळ कोण पाळतो, चुकल्यावर कोण हसत नाही, "आज बरे नाही का?" असे कोण विचारतो. आमच्या कागदावर या गुणांसाठी रकानाच नाही.

आणखी एक विसंगती ध्यानी आली. मुलीचे लग्न लांबले की आपल्याकडे तिला एकनाथ महाराजांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चे पारायण करावयास सांगतात. आमच्या बहिणीनेही लेकीकडून ते करविले होते. ती रुक्मिणी कोण? जिने श्रीकृष्णाला पाहिले नव्हते, आल्यागेल्यांच्या तोंडून केवळ त्याचे गुण ऐकले होते, आणि भावाचा विरोध असता सुदेवाच्या हाती पत्र धाडले, ती. पोथी हाती द्यावयाची आणि पोथीतल्याप्रमाणे मुलगी वागली की रडावयाचे, हा कुठला न्याय?

जपानातही आपल्या कांदेपोह्यांसारखी रीत आहे. तिला 'ओमिआइ' म्हणतात. १९३० च्या दशकात तेथील १०० विवाहांपैकी सुमारे ६९ त्या रीतीने जुळत. १९६० च्या दशकात स्वतः जमविलेले विवाह पुढे गेले. आणि २०२१ च्या सरकारी पाहणीत, नजीकच्या काळात विवाह झालेल्या १०० जोडप्यांपैकी १३ ते १४ जणांची पहिली ओळख इंटरनेटवर झालेली आढळली. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे सांगावयास एवढे पुरे.

याचा अर्थ डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नव्हे. सोंगाआड भामटाही असू शकतो. गोड बोलून पैसे उकळणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. ती मालिकाही हेच सांगते. सोंग ओळखीपुरते, प्रेमाला खरे नाव उच्चारावे लागते. साकुराई आणि मोरिको यांची खरी परीक्षा राक्षसाशी लढताना होत नाही. "तो मीच" हे तोंडाने सांगताना होते.

आम्ही भाचीला बोलावून घेतले. प्रथम, बोललो त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मामाला हे सोपे नसते. मग म्हणालो, "तू त्याला नाव विचार, तुझे सांग. दिवसाउजेडी चार माणसांत भेट. पैशाची देवघेव मुळीच नको. आणि मग त्याला आपल्या घरी घेऊन ये." ती म्हणाली, "आणि पसंत पडला नाही तर?" आम्ही म्हणालो, "आम्हाला की तुला?" ती बऱ्याच दिवसांनी हसली.

श्रावणात तो नाशिकहून आईला घेऊन येऊन गेला. हिने पोहे केले. बहिणीने विचारायचे ते सगळे विचारले. काही उत्तरे तिला रुचली, काही रुचली नाहीत. गोष्ट अद्यापि ठरलेली नाही. कदाचित ठरणारही नाही. परंतु बंद झालेले भाचीच्या खोलीचे दार आता उघडे असते, आणि रात्री खेळ संपला की आज काय झाले ते ती आईला सांगते. बहिणीला त्यातले निम्मे कळत नाही, तरी ती ऐकते.

ज्यांच्या घरी तिशी ओलांडलेली मुले-मुली अबोल झाली असतील, त्या आईवडिलांना आमची एकच विनंती आहे. कागद जरूर लिहा. पण लिहिण्यापूर्वी, मूल रात्री कोणाशी बोलते आणि त्याला तेथे काय मिळते जे आपल्या घरात मिळत नाही, हे एकदा मायेने विचारा.