न्यायालयनियुक्त बचाव-वकील : नेमणूक आणि साहाय्य

'सरकारी वकील' हा शब्द आपल्याकडे फिर्याद पक्षाची बाजू मांडणाऱ्या अभियोक्त्यास लावला जातो. वकील देण्याची ऐपत नसलेल्या आरोपीसाठी न्यायालय शासनाच्या खर्चाने जो वकील नेमते, तोही त्यामुळे पुष्कळांना 'सरकारचाच माणूस' वाटतो. फुकट मिळालेला वकील मनापासून लढणार नाही, हा दुसरा ग्रह याहून दृढ आहे. त्यात तथ्य किती आणि दोष कोणाचा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क १९५० मध्येच दिला. परंतु ज्याच्या पदरी पैसा नाही त्याला हा हक्क कागदावरच राहिला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ ने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीस शासनाच्या खर्चाने वकील देणे बंधनकारक केले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी कैद्यास अपिलासाठी मोफत विधिसाहाय्य मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग मानला. पुढे १९८६ मध्ये सुक दास प्रकरणात, आरोपीने वकील मागितला नाही एवढ्या कारणाने तो नाकारता येणार नाही, असेही ठरले.

हक्क असा सिद्ध झाला. त्याच्या गुणवत्तेचा प्रश्न मात्र मागे राहिला. मध्य प्रदेशातील खंडवा येथील एक खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. बालिकेवरील अत्याचार व खून असा आरोप असलेल्या त्या खटल्यात १९ फेब्रुवारी २०१३ रोजी बचावासाठी वकील नेमला गेला आणि त्याच दिवशी दोषारोप निश्चित करण्यात आले. ४ मार्च रोजी निकाल लागून आरोपीस मृत्युदंड झाला. वकील होता, परंतु कागदपत्रे अभ्यासण्यास, आरोपीशी बोलण्यास व उलटतपासणीची सिद्धता करण्यास त्याला अवधीच नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. आणि २०२४ च्या मार्चमध्ये तो आरोपी निर्दोष सुटला. मधली अकरा वर्षे त्याने तुरुंगात काढली होती.

या उदाहरणात वकिलाच्या बुद्धीपेक्षा नेमणुकीची रीत अधिक दोषी ठरते, हे ध्यानात घ्यावे. आयत्या वेळी झालेली निवड, ठरीव व तुटपुंजा मोबदला आणि त्यामुळे खाजगी पक्षकारांच्या कामास मिळणारे अग्रक्रम, ही अपकीर्तीची खरी कारणे होत. म्हणूनच त्याच निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने काही दंडक घालून दिले, त्यांपैकी दोन असे : जन्मठेप अथवा मृत्युदंड संभवत असेल तेथे किमान दहा वर्षे वकिली केलेल्यांचाच विचार व्हावा, आणि तयारीसाठी सामान्यतः किमान सात दिवसांचा अवधी मिळावा.

राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. तीनुसार जिल्ह्यात पूर्णवेळ, मानधनावर काम करणारे बचाव-वकील नेमले जातात व त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. फिर्याद पक्षापाशी जशी स्थायी यंत्रणा असते, तशी बचावापाशीही असावी, हे त्यामागील तत्त्व. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही कलम ३४१ मध्ये जुनी तरतूद कायम ठेवली आहे.

तात्पर्य, वकीलपत्रावर नाव लागल्याने नेमणूक पुरी होते, साहाय्य नव्हे. नेमलेल्या वकिलाने आरोपीची भेट केव्हा घेतली, कागदपत्रे त्याच्या हाती कधी पडली आणि किती साक्षीदारांची उलटतपासणी त्याने घेतली, या तीन प्रश्नांची उत्तरे खटल्याच्या कागदांतून मिळू शकतात. या व्यवस्थेची परीक्षा लोकमतावरून न करता या उत्तरांवरून व्हावी. तोवर निर्धन आरोपीच्या मनातील अविश्वास केवळ गैरसमज म्हणून बाजूस सारता येणार नाही.