‘चॅलेंज व्होट’चा मेसेज आणि माझा अंगठा

आजचा किस्सा घरचाच. मे २०२४, लोकसभेचं मतदान दोन दिवसांवर. फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज: यादीत नाव नाही? आधार दाखवा, कलम ४९ए खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, मत देता येईल. मामेभावाचं नाव नेमकं यादीत नव्हतं. तो खूश. मीही अंगठा दाखवून मोकळा झालो. बीटेक झालेला माणूस, बरं का!

बूथवरून भाऊ मत न देताच परत आला.

त्या रात्री मी १९६१ चे निवडणूक नियम उघडले. ४९ए आहे, पण तो मतदान यंत्राची रचना कशी असावी याबद्दल! आणि चॅलेंज? उमेदवाराचा पोलिंग एजंट दोन रुपये भरून ‘हा तो मतदार नव्हेच’ अशी हरकत घेतो, ते चॅलेंज. म्हणजे मेसेजच्या अगदी उलट. टेंडर व्होट असतं खरं, नियम ४९पी. पण तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तरच, आणि तेही मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर.

मी कलमाचा आकडा बघूनच गप्प बसलो होतो. आता आकडा दिसला की आधी तेच कलम काढून वाचतो. पाच मिनिटं लागतात.

यादीत नाव नसेल तर आधार दाखवून मत देता येत नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नवीन नावही घालता येत नाही. त्यामुळे यादी आत्ताच बघा, १९५० वर विचारा, नाव नसेल तर फॉर्म ६ भरा. भावाने भरलाय.

मावशीला मी फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग तेव्हा अंगठा कशाला दाखवलास रे?”